हलका हात

बाबा, परवा सकाळच्या ड्युटीत आमच्या वॉर्डात नर्सिंग कॉलेजची एक मुलगी छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आली. तिचं पुढचं शिक्षण चालू आहे, आणि इन्सुलिनचं इंजेक्शन देण्याबद्दल नर्सेसना काय माहीत असतं, काय वाटतं आणि त्या प्रत्यक्षात काय करतात, यावर तिला प्रबंध लिहायचा आहे. नाव लिहायचं नाही, नुसती बरोबरची खूण करायची. मी आता वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे, म्हणून पहिला कागद माझ्या पुढ्यात आला आणि बाकीच्या पोरी माझ्या पेनाकडे बघत बसल्या. चालू बाटली कुठे ठेवाल, चाळीस युनिटच्या बाटलीला सिरिंज कोणती घ्याल, दिल्यावर जागा चोळाल का, सुई बाहेर काढायच्या आधी किती आकडे मोजाल. मी झरझर खुणा करत गेले. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मग आलं, इंजेक्शनची जागा दर वेळी बदलता का? मी 'नेहमी'वर खूण केली. त्याच्या खाली होतं, या बाबतीत तुमच्याकडून कधी चूक झाली आहे का, आणि झाली असल्यास ती कोणाला सांगितली? उत्तरासाठी दोन रिकाम्या ओळी होत्या. त्या मी तशाच सोडल्या. मुलगी भिडस्त होती, हळूच म्हणाली की मॅडम, एवढं राहिलं. मी म्हटलं राहू दे, मला राउंडला जायचंय. राउंडला तासभर अवकाश होता.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, भांडलेसुद्धा, पण ही गोष्ट आली की विषय बदलते. जिवंत माणसांना मी टाळत नाही, तुम्हाला माहीत आहे माझं तोंड. डॉक्टरांनाही ऐकवते. पण मेलेल्या माणसापुढे तोंड उघडायला मला बारा वर्षं लागली, याला काय म्हणावं.

खापरखेड्याच्या वीज केंद्राचं क्वार्टर आठवतं. मागच्या दाराबाहेर आईची कपड्यांची दोरी, कपडे वाळले की आधी राख झटकायची आणि मग घडी घालायची. तुमची कोळशाच्या खात्यातली नोकरी, निवृत्तीला तीन-साडेतीन वर्षं उरलेली. मी रोज सकाळी बसने नागपूरला हॉस्पिटलात जात होते आणि नवी नवी स्टाफ नर्स म्हणून जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. गोळ्यांनी तुमची शुगर आटोक्यात येईना तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं, सकाळ-संध्याकाळ. आईने बाटली हातात घेतली आणि परत ठेवून दिली. म्हणाली, मले नाही जमत, पोरगी कशासाठी शिकवली मंग? तुम्ही खाटेवर बसलात, बनियन वर केलं आणि डोळे घट्ट मिटले. कोळशाच्या वॅगनी रिकाम्या करणारा माणूस अर्ध्या इंचाच्या सुईला असा घाबरलेला बघून मला हसू आलं होतं. बेंबीच्या डाव्या बाजूला, चार बोटं सोडून, मी चिमटीत कातडी धरली आणि दिलं.

तुम्ही विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं.

"समजलंच नाही," तुम्ही डोळे उघडून म्हणालात. "तुया हात हलका आहे वं माय."

ती सुई मुळातच बारीक असते, कोणीही दिली तरी पहिल्यांदा फारशी लागत नाही. पण मला कोण सांगणार आणि मी कोणाचं ऐकणार. तुम्ही ते पाळीतल्या माणसांना सांगितलं, बसस्टॉपवर सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं. पोरीचा हात हलका आहे, सुई गेली कधी आली कधी, पत्ता लागत नाही. कॉलनीतल्या बायका पोरांना टोचून घ्यायला माझ्याकडे यायला लागल्या. हॉस्पिटलात मी सगळ्यांत ज्युनिअर होते, कोणीही यावं आणि बोलून जावं. घरी मात्र माझ्या हाताचा डंका. मी सुखावले बाबा. शिकताना पहिली आले होते तेव्हाही इतकी सुखावले नव्हते.

आणि मग रोज तेच. तुम्ही स्वतःच बनियन वर करून त्या जागेवर बोट ठेवायचे. इथंच दे, इथं दुखत नाही. मी तिथंच द्यायचे. जागा बदलायची असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. वहीत मी माणसाचं चित्र काढलं होतं, पोट, दंड, मांड्या, लाल पेन्सिलीने गोल केलेले, बाईंनी पूर्ण मार्क दिले होते. पण ते चित्र परीक्षेपुरतं होतं. वॉर्डात कोणी जागेची नोंद ठेवत नसे. खाटेच्या ज्या बाजूला उभं राहायला जागा असेल त्या बाजूच्या दंडात द्यायचं आणि पुढे सरकायचं. मोठ्या सिस्टर तसंच करायच्या, मीही शिकले. दुसऱ्याच महिन्यात एकदा मी तुमच्या मांडीत देऊन पाहिलं होतं. तुम्ही दातांतून श्वास ओढलात आणि माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही मी मुद्दाम जोरात टोचलं. दुसऱ्या दिवसापासून परत डावी बाजू. माझ्या हाताची कीर्ती मला तुमच्या मांडीत घालवायची नव्हती.

वर्षभरात शुगर चढायला लागली. डॉक्टरांनी चार युनिट वाढवले, मग सहा, मग आणखी. दर वेळी महिनाभर बरं, की पुन्हा वर. डॉक्टर मला विचारायचे, सिस्टर, घरी पथ्य पाळतात ना? आणि मी, नर्स, त्यांच्यासमोर मान खाली घालायचे. सुई माझी, हात हलका, औषध वेळेवर, बाटली थंड जागेत. मग उरलं कोण? तुम्ही. मी तुमच्या मागे हात धुऊन लागले. तुमच्या पॅन्टचे खिसे तपासले, डब्याची पिशवी हुंगली, जोड्यांच्या खणात हात घालून पाहिला. बसस्टॉपजवळच्या मिठाईवाल्याला जाऊन सांगितलं की बाबांना काही द्यायचं नाही. तो बिचारा चकित होऊन म्हणाला, ते तर येतच नाहीत. मला वाटलं, तुम्ही त्यालाही पढवून ठेवलंय. आईने गोडाच्या डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राला बांधली. तुम्ही ते सगळं बघत होता.

एकच दिवस बोललात. तुमच्या बरोबरच्या काकांच्या निवृत्तीचा कार्यक्रम झाला आणि तिथून तुम्ही संत्रा बर्फीचा डबा घरी आणलात, भावासाठी. ते काका-काकू सोबत आले होते, चहा चालला होता. मी डबा उघडला आणि एक वडी कमी दिसली. पाहुण्यांसमोर मी तुम्हाला विचारलं की वाटेत खाल्ली ना. ती वडी कोणी खाल्ली, मला आजही माहीत नाही. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

"मी नाही खाल्लं. तू मायी पोरगी असून इस्वास नाही ठेवत, तं दुसरं कोन ठेवन?"

आणि मी काय म्हटलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. मी म्हटलं, "शुगर खोटं बोलत नसते बाबा, माणूस बोलते." काकू उगाच पदर सारखा करायला लागल्या. तुम्ही उठून मागच्या दारी गेलात आणि दोरीवरचे कपडे काढत बसलात. त्यानंतर तुम्ही लग्नाकार्यात जेवायला जाणं सोडलंत. आई म्हणायची, चला सुधरले.

मग नरखेडकडच्या मामेबहिणीचं लग्न आलं. मला दोन दिवस जावंच लागणार होतं. तुमच्या इंजेक्शनासाठी मी मागच्या ओळीतल्या सिस्टरबाईंना सांगून गेले. त्या कधीच्या निवृत्त झालेल्या, कॉलनीत सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणत, अडीअडचणीला घरी येऊन टोचून जात. डोस कागदावर लिहून ठेवला होता. पहिल्या दिवशी सकाळी त्या आल्या, तुम्ही बोट ठेवलेली जागा त्यांनी हाताने चाचपली आणि म्हणाल्या, इथं नको. उजव्या बाजूला दिलं, लिहिलेलं होतं तेवढंच दिलं. तुम्ही नेहमीसारखे पोहे खाल्लेत. अकरा वाजता तुम्हाला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आईला भलत्याच नावाने हाक मारायला लागलात. आईला वाटलं हार्टचं आहे. ती ओरडत बाहेर धावली. सिस्टरबाई आल्या, तुम्हाला गिळता येतं आहे हे बघून त्यांनी साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, अर्ध्या तासात तुम्ही शुद्धीवर आलात. मला नरखेडला फोन आला तेव्हा मी हळदीच्या साडीत होते. तशीच एसटीत बसले.

घरी येऊन तुम्हाला नीट पाहिलंही नाही, आधी त्यांच्या दारात गेले. अर्धी कॉलनी ऐकेल अशा आवाजात बोलले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता लोकांचे जीव घेता का, कशाला हात लावता. त्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. माझं संपू दिलं. मग त्या म्हणाल्या, "त्या जागी गाठ झाली आहे बाई. म्हणून मी बाजूले दिलं. एवढा डोज त्याच्यानंच लागून राहिला काय, ते डॉक्टरले विचारून पाह्य." मी विचारलं नाही. मी डॉक्टरांना सांगितलं की शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने चुकीचं दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी दिली. सिस्टरबाईंनी त्यानंतर कॉलनीत कोणालाच टोचलं नाही. वर्षभरात त्या मुलाकडे राहायला गेल्या, कुठे ते मी विचारलं नाही, आणि आता विचारावं तर त्या नसतीलच. तुम्हीही माझीच बाजू घेतलीत. म्हणालात, बाहेरच्याचा हात नको, मायी पोरगीच देईन. मी परत डाव्या बाजूला द्यायला लागले. त्या वाढवलेल्या डोसने. तुम्हाला काही झालं नाही, म्हणजे माझंच बरोबर, असं मी धरून चालले.

तुम्ही निवृत्त झालात, आपण नागपुरात भाड्याच्या घरात आलो, आणि त्या वर्षी हॉस्पिटलने आम्हाला एका प्रशिक्षणाला बसवलं. पंख्याखाली पन्नास नर्सेस, समोर शिकवणाऱ्या मॅडम. अर्ध्याजणी पेंगत होत्या, मीही. मॅडमनी एका म्हाताऱ्या पेशंटबाईंना आणलं होतं, त्यांच्या परवानगीने, आणि आम्हाला एकेक करून सांगितलं की डोळे मिटा आणि बाईंच्या पोटावरून बोटं फिरवा. माझा नंबर आला. बेंबीच्या डाव्या बाजूला बोटं गेली आणि थांबली. मळून झाकून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं काहीतरी, दबतं पण सरकत नाही. ती गाठ माझ्या बोटांच्या ओळखीची होती. तीन वर्षं रोज दोनदा मी ती चिमटीत धरत होते आणि मनात म्हणत होते, बाबांचं पोट सुटलं.

मॅडम शांतपणे सांगत होत्या. एकाच जागी देत राहिलं की अशी गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून पेशंट तीच जागा मागतो. औषध तिथे नीट शोषलं जात नाही, शुगर वाढते, डॉक्टर डोस वाढवतात. आणि मग कोणी चांगल्या जागी तेवढाच डोस दिला तर शुगर एकदम खाली येते. चार वाक्यं. त्यात तुम्ही होता, कुलूप होतं, काकांची बर्फी होती, पायरीवर बसलेल्या सिस्टरबाई होत्या. मी सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. चहा घेतला, समोसा खाल्ला, प्रमाणपत्रासाठी सही केली. घरी जाताना माझा स्टॉप गेला आणि मी पुढे जाऊन उतरले.

म्हणजे माझा हात कधीच हलका नव्हता बाबा. जागा मेली होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि गाठीचं सांगितलं. मला वाटलं होतं ते झापतील, नर्स असून तुम्हाला कळू नये का म्हणतील. मी त्यासाठी तयारीने गेले होते. ते म्हणाले, होतं असं, आणि डोस बराच कमी करून दिला. होतं असं. रागावले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन मी तुम्हाला म्हटलं की डॉक्टरांनी जागा बदलायला सांगितली आहे. एवढंच. मांडीत दिलं तेव्हा तुम्ही दचकलात. म्हणालात, तुया हात जड झाला वं आता. मी म्हटलं सुया वेगळ्या कंपनीच्या आल्यात. तुम्ही मान डोलावलीत, आणि त्या दिवसापासून माझ्या हाताबद्दल कोणाला काही सांगितलं नाहीत.

दोन महिन्यांत शुगर उतरली. आपण तिघं ओपीडीत गेलो. त्या दिवशी आपले डॉक्टर नव्हते, एक तरुण डॉक्टर होता, त्याने रिपोर्ट पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, वा काका, आता पथ्य पाळून राहिले तुम्ही, असंच चालू ठेवा. आईचा चेहरा फुलला. ती म्हणाली, लई कुलपं लावली डॉक्टरसाहेब, तेव्हा सुधरले. तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाही, आईकडे नाही. माझ्याकडे बघितलंत.

"मी तं पहिलेही पाळत होतो," तुम्ही म्हणालात.

डॉक्टर हसला. आई हसली. तेवढा एक क्षण होता, बाबा. एक वाक्य पुरलं असतं. मी फाइल हातात घेतली आणि पुढची तारीख कोणती दिली ते बघायला लागले. रिक्षात तुम्ही बाहेर बघत बसला होता. तुम्हाला काय कळलं, किती कळलं, की काहीच नाही, हे मी तेव्हा विचारू शकले असते. मी भाजी काय आणायची ते विचारलं.

का बोलले नाही? नोकरी गेली नसती, कोणी काही म्हटलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. तुम्ही गोडाचे चोर ठरलेले मला चालत होते, मी वाईट नर्स ठरलेली चालत नव्हती. हे असं उघडं लिहिलं की किती साधं दिसतं. मी तेव्हा स्वतःला सांगत होते की झालं गेलं, आता शुगर बरी आहे ना, मग म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला ताप कशाला.

पण पुढे डोळे गेले, मग किडनी. त्या तीन वर्षांमुळे का? मी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्याच कोणा पेशंटचं म्हणून. एक म्हणाला हातभार लागला असेल, एक म्हणाला इतकी वर्षं डायबेटिस असला की होतंच, एक म्हणाला असं सांगता येत नाही. तेच खरं असावं, सांगता येत नाही. माझ्यामुळे झालं म्हणावं तर पुरावा नाही, झालं नाही म्हणावं तर तोंड नाही. शेवटच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आंब्याची एक फोड द्यायला हरकत नाही म्हटलं होतं. मी बशीत चिरून आणली. तुम्हाला दिसत नव्हतं, वासाने कळलं. तुम्ही बशी हाताने दूर सारलीत. नको, म्हणालात, मंग तू म्हणशील. मी म्हटलं, नाही म्हणत बाबा, खा. तुम्ही खाल्ली नाही. ती फोड मी स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ली, कारण आईने विचारलं असतं.

आता मी माझ्या वॉर्डात पोरींना भंडावून सोडते. कोणत्या पाळीला कुठल्या जागी द्यायचं त्याचा तक्ता मी हाताने आखून खाटेखाटेला लावला आहे. पोरी मला मागे 'जागावाली मॅडम' म्हणतात, मला माहीत आहे. आणि तो तक्ता, बाबा, पाळी संपताना एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेला असतो. साठ पेशंटला दोन पोरी, एक सलाइन संपलं म्हणून ओरडतो, एकाचा नातेवाईक डॉक्टर कुठे म्हणून अंगावर येतो. मी रागावते, त्या सॉरी मॅडम म्हणतात, दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. केलंच होतं.

काल एक आजोबा भरती झाले, सावनेरकडचे. इन्सुलिन द्यायला मी स्वतः गेले तर त्यांनी सदरा वर करून बोट ठेवलं. म्हणाले, सिस्टर, इथंच द्या, मायी पोरगी इथंच देते, तिचा हात लई हलका आहे. त्यांची मुलगी उशाशी उभी होती, पंचविशीची असेल, लाजून हसली. मी चाचपलं. होतीच. मी तिला बाजूला घेऊन सगळं समजावलं, गाठ कशी होते, आता डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोच ठेवायचा नाही, रोज दोन बोटं सरकायचं. हुशार होती, सगळं चटकन कळलं तिला. मग विचारते, "म्हणजे बाबांची शुगर माझ्यामुळे वाढत होती का, मॅडम?" मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं नव्हतं ना, मग. तिने मान खाली घातली. मी विचारलं, खाण्यावरून बोलता का त्यांना? ती म्हणाली, हो, चोरून खातात ते. आजोबा पंख्याकडे बघत पडले होते. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की बहुतेक खात नसतील. आजोबांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मला तिथे उभं राहवलं नाही. दुसऱ्याच्या बापासाठी एवढं सहज निघालं तोंडातून.

हे पत्र मी कुठे ठेवणार आहे ते मलाही माहीत नाही. आई माझ्याकडेच असते, तिला अजून चष्म्याशिवाय वाचता येतं, आणि माझं कपाट ती दर आठवड्याला आवरते. म्हणून बहुतेक फाडीनच. पण त्याआधी एक सांगायचं राहिलं आहे. गेल्या महिन्यात तुमचा स्मृतिदिन होता. बुद्धवंदना झाली, आईने नेहमीप्रमाणे खीर केली, भाऊ, वहिनी, त्यांची पोरं आणि या वर्षी नवा आलेला नातजावई, सगळे पंगतीला बसले. आईने नातवंडांपुढे आपली आवडती गोष्ट काढली. तुमचे आजोबा गोडाचे लई चोर होते, मंगळसूत्राले किल्ली बांधून ठेवा लागे मले. दर वर्षी त्या गोष्टीत थोडी भर पडते. आता तुम्ही लाडू जोड्यांच्या खणात लपवायचे, आणि तिने तुम्हाला खाताना स्वतः पाहिलं होतं. सांगता सांगता ती हसते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसते, तुम्ही गेल्यापासून तिला असं हसताना फक्त तेव्हाच पाहते मी. नातजावयाला खरं वाटेना. तेव्हा आईने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, इले विचारा, इनंच पकडलं होतं त्याइले. सगळे खीर खाता खाता माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, हो. दोनदा पकडलं.